यंत्र घरात, किल्ली परक्या हाती

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक क्षेत्राच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्मितीसाठी स्वतंत्र वसाहत उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी केली. २९७ एकर क्षेत्र आणि ४९२ कोटी रुपयांहून अधिक विकासखर्च हे आकडे त्या वेळी प्रामुख्याने पुढे आले. कारखाने किती येतील आणि रोजगार किती मिळेल, याची चर्चा व्हायलाच हवी. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर तिच्यावर सत्ता कोणाची चालते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आणि तो मात्र अद्याप कोणी फारसा विचारलेला नाही.

हा प्रश्न समजून घेण्यास एक लहानशी पेटी पुरेशी आहे. नेटवर्क स्टोरेज, संक्षेपाने ‘नॅस’, या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र म्हणजे एक-दोन हार्ड डिस्क आणि त्यांचा कारभार पाहणारा छोटा संगणक. ते राऊटरला जोडले की घरातील वा दुकानातील सर्व संगणक आणि मोबाईल त्यात कागदपत्रे व छायाचित्रे ठेवू शकतात. लग्नांचे चित्रीकरण करणारा छायाचित्रकार, करसल्लागार, लहान रुग्णालय, मुले परदेशी असलेले कुटुंब, अशा मंडळींना तालुक्याच्या गावातही त्याचा उपयोग आहे. दरमहा भाडे भरून आपला ठेवा दूरच्या कंपनीच्या संगणकावर ठेवण्यापेक्षा तो आपल्या कपाटात असावा, हा विचार स्वाभाविक आहे. तथापि, कपाट आपले असले तरी त्या पेटीच्या पोटात बसवलेली मूळ प्रणाली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती कंपनीची असते. तीत दोष सापडला तर दुरुस्ती कंपनीने करायची. आणि कंपनीने ‘या यंत्राचे आयुष्य संपले’ असे जाहीर केले की दुरुस्तीची वाटच बंद होते.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या यंत्रांच्या जगभरातील अनेक मालकांना एके दिवशी आपल्या पेट्या रिकाम्या झालेल्या आढळल्या. इंटरनेटवरून आत शिरलेल्यांनी त्या पुसून टाकल्या होत्या. या यंत्रांची प्रणाली २०१५ नंतर सुधारलीच गेली नव्हती आणि तीमधील एक गंभीर दोष २०१८ पासून जाहीर होता. पुढे तपासात आणखी एक गोष्ट उघड झाली. सर्व मजकूर पुसण्याच्या आज्ञेपूर्वी सांकेतिक शब्द विचारण्याची तरतूद मूळ प्रणालीत लिहिलेली होती. पण त्या ओळी निष्क्रिय करून ठेवल्या होत्या. दाराला कडी होती, ती लावलेली नव्हती. कंपनीने नंतर मजकूर परत मिळवून देण्याची सेवा आणि जुन्याच्या बदल्यात सवलतीत नवे यंत्र देऊ केले. परंतु मुळात आपल्या दाराची कडी तपासण्याचा अधिकार मालकाला नव्हता, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये असाच प्रकार डी-लिंक कंपनीच्या जुन्या नॅस यंत्रांबाबत घडला. त्यांच्या प्रणालीत सांकेतिक शब्दाविना उघडणारे एक खाते आढळले, आणि ९० हजारांहून अधिक यंत्रे इंटरनेटवर उघडी असल्याचा अंदाज संशोधकाने मांडला. ही यंत्रे कालबाह्य झाली असल्याने दुरुस्ती मिळणार नाही, ती काढून टाकून नवी घ्यावीत, असे कंपनीचे उत्तर होते. या कंपनीच्या भारतीय शाखेचे नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्णे येथे आहे. तेव्हा हा केवळ दूरदेशीचा किस्सा मानून चालणार नाही.

यावर एक मार्ग गेली वीस वर्षे उपलब्ध आहे. यंत्राचे लोखंड तेच ठेवून त्याच्या पोटातील प्रणाली बदलायची. कंपनीच्या प्रणालीऐवजी, जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, तपासता व सुधारता येतो अशी मुक्त प्रणाली बसवायची. डी-लिंकच्या काही जुन्या नॅस पेट्यांवर ‘ऑल्ट-एफ’ ही अशी प्रणाली चालते. इतर अनेक यंत्रांवर डेबियन चालवता येते. हे शक्य होते याचे कारण असे की, बहुतेक कंपन्यांनी आपली फर्मवेअर लिनक्सच्याच पायावर उभारलेली असते. लिनक्सचा परवाना सांगतो की त्यावर बेतलेली वस्तू विकणाऱ्याने मूळ मजकूरही गिऱ्हाइकाला उपलब्ध करून दिला पाहिजे. कंपन्यांनी हे कलम पुष्कळदा सोयीस्करपणे विसरले. २००६ मध्ये हाराल्ड वेल्टे या लिनक्सच्या एका रचनाकाराने जर्मनीत फ्रँकफुर्टच्या न्यायालयात डी-लिंकच्या तेथील शाखेवर दावा जिंकला, तो याच मुद्द्यावर. आणि त्या दाव्यातील वस्तूही माहिती साठवण्याचे नेटवर्क यंत्रच होती.

परंतु मजकूर मिळाला म्हणजे सत्ता मिळाली असे नव्हे. पेटी सुरू होताना प्रथम बूटलोडर नावाचा लहान कार्यक्रम जागा होतो व पुढची प्रणाली उचलतो. कंपनीच्या सहीची मोहोर नसलेली प्रणाली त्याने नाकारावी, अशी योजना केली की मूळ मजकूर हातात असूनही मालक दारातच उभा राहतो. २००७ मध्ये आलेल्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने हे कुलूप उघडण्याची माहिती देणे बंधनकारक केले. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. मजकूर खुला आणि कुलूप बंद, असा हा पेच आहे.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. नवी प्रणाली लिहिली जात असताना वीज गेली तर यंत्र मुके होते. मग पेटी उघडून आतील सिरियल जोडणीतून त्याला जागे करावे लागते. सारा मजकूर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून न घेता या कामाला हात घालणे हा शुद्ध अविचार होय. एकाच पेटीतील दोन डिस्कवर एकच मजकूर असणे म्हणजे सुरक्षित प्रत असणे नव्हे. पेटीवरच आघात झाला तर दोन्ही एकदम जातात. शिवाय मुक्त प्रणालीही अमर नसते. काही प्रकल्प एकदोघांच्याच खांद्यांवर उभे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने, जुन्या नॅस पेट्यांत आढळणाऱ्या एका प्रोसेसरवर्गासाठी नवी स्थापना करण्याची सोय बंद केली. फरक इतकाच की, येथे दार बंद होताना किल्ली दारावरच ठेवलेली असते. ज्याला हवे त्याने पुढे काम चालवावे.

दुरुस्तीची विद्या मालकाच्या आवाक्यात असणे ही या भागाला नवी गोष्ट नाही. दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याची मोटर जळाली, तर शेतकरी ती फेकून देत नाही; गावातील रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. मोटर बनवणाऱ्याची परवानगी कोणी विचारत नाही. नॅस पेटी असो, पंपाचा मोबाईलवर चालणारा स्टार्टर असो की नवा ट्रॅक्टर, त्यांत मात्र तांब्याच्या तारेची जागा सांकेतिक मजकूर घेत चालला आहे, आणि त्या मजकुराला कुलूप लागले की रिवाइंडिंगवाल्याचे हात बांधले जातात.

कायद्याचा विचार करता चित्र अगदीच निराशाजनक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२, कायदेशीर ताब्यातील संगणकप्रणालीचा अभ्यास करण्यास आणि दुसऱ्या प्रणालीशी तिचा मेळ घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्यास वाव देते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न दिल्याबद्दल. त्या यादीत ज्या फियाटचा समावेश होता, तिचा कारखाना रांजणगावातच आहे. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. परंतु दुरुस्तीची माहिती दडपणे हा बाजारातील बलाचा दुरुपयोग होय, हे तत्त्व त्या निकालाने मांडले. मोटारीला जे लागू, ते पेटीला का नसावे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे त्यात निवडली गेली. मात्र पोर्टलवरील माहिती हा हक्क नव्हे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून यंत्राला सुरक्षा-सुधारणा किती काळ मिळणार हे विक्रीच्या वेळीच सांगणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा नवा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्यानुसार सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे अशा सुधारणा द्याव्या लागतील. भारताने त्यापुढे एक पाऊल टाकावे. कंपनीने ज्या दिवशी यंत्राला वाऱ्यावर सोडले, त्या दिवशी तिने बूटलोडरचे कुलूप उघडण्याची सोय मालकाला दिलीच पाहिजे, असा नियम करावा. वॉरंटी, स्पर्धकांपासून गुपिते राखणे, ग्राहकाची सुरक्षितता ही कंपन्यांची कारणे वस्तू चालू असेपर्यंत विचारात घेता येतील. जी वस्तू कंपनीनेच टाकून द्या म्हणून सांगितली, तिच्याबाबत गुपित कसले आणि वॉरंटी कसली?

केवळ नियमानेही भागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटर गुंडाळण्याबरोबरच फर्मवेअर उतरवणे, बसवणे आणि मुके झालेले यंत्र सिरियल जोडणीवरून उठवणे हेही शिकवले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु चांगली पेटी भंगारात जाऊच न देणे हा कचरा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो शिरूर-दौंडच्या बाजारपेठेतील लहान दुकानदार करू शकतो. रांजणगावात यंत्रे बनावीत आणि शेजारच्या गावांत ती केवळ फेकली जावीत, यात प्रगती नाही. बनवण्याची विद्या आणि सांभाळण्याची विद्या एकाच तालुक्यात नांदली, तरच त्या २९७ एकरांचा लाभ कुंपणाबाहेर पोचला असे म्हणता येईल.