शांततेची भाषा आम्ही का बोलू नये?

भारत आणि पाकिस्तान यांच्यात काही घडले की आमची परीक्षा सुरू होते. चहाच्या टपरीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात कुणीतरी विचारतेच, ‘तुमचं काय म्हणणं?’ त्या ‘तुमचं’चा अर्थ आम्हाला पाठ झाला आहे. मग आम्ही निषेधाची पत्रके काढतो, काळ्या फिती लावतो आणि गप्प बसतो. शेजारी देशाशी बोलणी व्हावीत, एवढे वाक्य मात्र आमच्या तोंडून निघत नाही. तेच जोशी किंवा पाटील बोलले तर ते उदारमतवादी. आम्ही बोललो तर ‘मग तिकडेच जा!’ या भीतीने आम्ही तो विषयच दुसऱ्यांच्या हवाली केला. ही आमची चूक आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकू. बोलणी म्हणजे माफी नव्हे. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत 166 माणसे मारली गेली, त्यांत मुसलमानही होते. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम कबरस्तानाच्या विश्वस्तांनी नकार दिला. त्या कटाच्या सूत्रधारांना पाकिस्तानात पाठीशी घातले गेले, तिथला खटला वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवला गेला. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये 26 जणांचा बळी गेला, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही त्यांत होता. या साऱ्यांच्या खुन्यांना शिक्षा व्हावी, ही मागणी आमचीही आहे, आणि ती आम्ही कुणी विचारल्यावाचून करतो.

पण शिक्षा व्हायची तर पुरावा कुठेतरी मांडावा लागतो. सप्टेंबर 2006 मध्ये, मुंबईच्या लोकलमधील स्फोटांनंतर दोनच महिन्यांनी, मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांनी हवाना येथे दहशतवादविरोधी संयुक्त यंत्रणा मान्य केली. तिची पहिली बैठक मार्च 2007 मध्ये इस्लामाबादला झाली. 2008 च्या हल्ल्यानंतर ती यंत्रणा संपली. पुढे पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, मार्च 2016 मध्ये, पाकिस्तानचे तपास पथक थेट आपल्या हवाई तळावर येऊन गेले. आपल्या तपास अधिकाऱ्यांना मात्र तिकडे जाता आले नाही. हा पाकिस्तानचा दगाच होता.

‘मग अशा यंत्रणांचा उपयोग काय?’ असे विचारणारे विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे, की हल्ला झाला की सर्वांत आधी बंद होते ती पुरावे मांडण्याची जागा. त्यामुळे सुटका होते ती हल्ला करविणाऱ्यांची. त्यांना बोलणी नकोच असतात.

आणि उपयोग नाही असे तरी कसे म्हणावे? एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार 1988 चा. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होत आली, कारगिलच्या आगेमागेही ती थांबली नाही. फेब्रुवारी 2007 मध्ये पानिपतजवळ समझोता एक्सप्रेस जळाली, 68 माणसे गेली. त्याच आठवड्यात दोन्ही देशांनी अण्वस्त्रांच्या अपघातांचा धोका कमी करण्याच्या करारावर दिल्लीत सह्या केल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये शस्त्रसंधीचे पालन करण्याचे ठरले, आणि सीमेवरच्या गावांना चार वर्षे बऱ्यापैकी शांत झोप मिळाली. मे 2025 चे चार दिवसांचे क्षेपणास्त्रांचे आणि ड्रोनचे युद्ध थांबले, तेव्हाही दोन लष्करी अधिकारी फोनवर बोललेच होते. त्यांना कुणी देशद्रोही म्हटले नाही. मग आम्हालाच का?

या युद्धांची किंमत कोण मोजतो तेही पाहा. त्याच मे महिन्यात पूंछमध्ये एक मदरसा शिक्षक पाकिस्तानी तोफगोळ्याने ठार झाला. आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी त्यालाच दहशतवादी ठरवले, शेवटी पोलिसांना खुलासा करावा लागला. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात, समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली की कराचीच्या तुरुंगात पडतात. 1 जुलै 2025 रोजी पाकिस्तानने दिलेल्या यादीत 193 भारतीय मच्छीमार होते. अशा कैद्यांसाठी 2007 मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. 2013 नंतर तिची बैठक झालेली नाही. आणि आमच्या कोकणातल्या कित्येक घरांची एक फांदी कराचीत आहे. एप्रिल 2025 मध्ये अटारीची वाट बंद झाली. आता तिकडचा जनाजा इकडच्या बहिणीला मोबाइलवर पाहावा लागतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मुशायरे आणि क्रिकेटचे सामने नंतर पाहू. आधी ती न्यायाधीशांची समिती पुन्हा बसवा. पुरावे मांडण्याची जागा उघडी ठेवा, विशेषतः हल्ल्यानंतर. लष्करी फोन कधीच बंद पडू देऊ नका.

आणि आमच्या कौमच्या लिहित्या माणसांनो, निषेधाचे पत्रक काढाल तेव्हा त्याच कागदावर ही मागणीही लिहा. सही मराठीत करा, पूर्ण नावानिशी करा. ‘तिकडेच जा’ म्हणणारे म्हणोत. आमचे मुलूख हेच आहे, आणि युद्ध झाले तर आमचीही घरे इथेच जळणार आहेत.