टाक्याजवळची गाठ आणि पाळीची तारीख



वडनेर भोलजीसारख्या गावातही सिझर झालेली बाई आता नवलाची राहिलेली नाही. मूल तीन-चार वर्षांचे होते आणि एक दिवस आंघोळ करताना टाक्याच्या व्रणाजवळ लिंबाएवढी गाठ हाताला लागते. सासूबाई म्हणतात, दोरा राहिला असेल. शेजारीण म्हणते, बाहेरचे असेल. मग अंगारा, लेप, शेक यांत वर्ष निघून जाते. गाठीला कारण असते आणि ते शोधता येते.

सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या काही पेशी पोटाच्या भिंतीत अडकून तिथेच रुजतात. पाळी आली की अशी गाठ ठणकते, फुगते. पाळी सरली की दुखणे उतरते. हा एंडोमेट्रिओसिस. तो कर्करोग नव्हे. मात्र प्रत्येकीला पाळीतच दुखेल असे नाही.

खोकताना वर येणारी आणि आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ बहुधा हर्नियाची असते.

टणक, हळूहळू वाढणारी, बहुधा न दुखणारी गाठ डेस्मॉइड असू शकते. हे नाव योहान म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली दिले. ती दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण शेजारच्या स्नायूत शिरते. ती लगेच न कापता काही काळ नुसते लक्ष ठेवण्याची पद्धत आता आहे. एंडोमेट्रिओसिसची गाठ मात्र भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढावी लागते, नाहीतर पुन्हा येते. म्हणून आधी निदान, मग सुरी.

गाठ लागताच डॉक्टरांना दाखवा. पाळीची तारीख आणि दुखण्याचे दिवस कॅलेंडरवर लिहा. सिझरचा कागद सोबत न्या. आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय आणि सुईने तुकडा काढून तपासणी होते. त्यासाठी खामगाव किंवा अकोल्याला जावे लागले, तरी टाळू नका. ताप, पू, किंवा आत न जाणारी दुखरी गाठ आणि उलट्या असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले. डॉक्टरांपुढे 'पाळी' हा शब्द उच्चारायला आपण का लाजावे? निदानाची पहिली खूण त्याच शब्दात असते.