ड्रम ‘माणसाळवणारं’ एआय : बीट तुमची, पण लय कोणाची?

सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, मागच्या बारा महिन्यांत त्यांनी साडेसात कोटी स्पॅम ट्रॅक काढून टाकले. दोन, गाण्यात एआय कुठे वापरलंय हे क्रेडिट्समध्ये सांगायची सोय येणार : आवाजात, वाद्यांत, की मिक्सिंगसारख्या नंतरच्या कामात. दोन महिन्यांनी डीझर या फ्रेंच ॲपने सांगितलं की त्यांच्याकडे पूर्णपणे एआयने बनवलेले सुमारे ५० हजार ट्रॅक रोज येतात. रोज येणाऱ्या एकूण ट्रॅकपैकी हे ३४ टक्के.

यावर जी चर्चा झाली ती बहुतेक खोट्या गायकांबद्दल. पण घरी बसून हिपहॉप करणाऱ्यांचा पेच वेगळा आहे. समजा रॅप तुमचा, ड्रमही तुम्हीच एकेक ठोका टाकून बसवले. फक्त ते मशीनसारखे कडक वाटू नयेत म्हणून एका एआय टूलने त्यांची वेळ थोडी इकडेतिकडे केली. या प्रकाराला ‘ह्युमनाइज’ म्हणतात. मग गाणं एआयचं झालं का? आणि टूलने त्यात भरलेला ‘माणूस’ नेमका कोण?

आधी हिशोब : किती मिलिसेकंदांचा खेळ आहे?

९० बीपीएमची बीट घ्या. एका मात्रेला सुमारे ६६७ मिलिसेकंद मिळतात. तिचे चार तुकडे केले की प्रत्येक खाना १६७ मिलिसेकंदांचा. ॲपमध्ये चौकटीवर बोट ठेवून ठोका टाकला की तो बरोबर खान्याच्या सुरुवातीला बसतो. हाय-हॅटचे सगळे ठोके असेच बसले की कानाला लगेच कळतं, हे कोणी वाजवलेलं नाही.

यावर पहिला उपाय एआयच्या खूप आधी आला. रॉजर लिन या अमेरिकन इंजिनिअरने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशीन आणलं आणि त्यात ‘स्विंग’ दिला. पुढे १९८८ मध्ये अकाई कंपनीसोबत केलेल्या एमपीसी६० मधूनही तो हिपहॉपमध्ये पोचला. कल्पना सोपी आहे : दोन खान्यांच्या जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा वाजवायचा. ५० टक्के म्हणजे एकदम सरळ. ९० बीपीएमला ५४ टक्के ठेवलं तर तो ठोका फक्त १३ मिलिसेकंद मागे सरकतो. ६६ टक्क्यांना हा फरक ५३ मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि चाल जवळजवळ तीनच्या हिश्शात जाते. बीट ‘डुलते’ की ‘ठोकते’ हे एवढ्याशा फरकावर ठरतं.

रँडम म्हणजे माणूस नाही

मोबाईलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये ‘ह्युमनाइज’ किंवा ‘रँडमाइज’ असं बटण असतं. ते साधारण इतकंच करतं : प्रत्येक ठोका फासा टाकल्यासारखा थोडा पुढे-मागे, थोडा मोठा-लहान. ऐकायला मात्र वाजवणारा थकल्यासारखा वाटतो.

कारण माणूस असा चुकत नाही. होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की माणसाच्या तालातले फरक एकमेकांशी जोडलेले असतात. आत्ताचा ठोका किती सरकला याचा संबंध बऱ्याच आधीच्या ठोक्यांशीही असतो. ऐकणाऱ्यांनाही सुटे रँडम फरक कमी आवडले, जोडलेले फरक जास्त.

त्यातही काही फरक मुद्दाम केलेले असतात. डेट्रॉइटचा जे डिला याचं सगळं नाव त्यावरच उभं आहे. एमपीसी३००० वर तो बरेचदा ग्रिडची दुरुस्ती बंद ठेवून हाताने वाजवायचा. एकाच बीटमध्ये एक वाद्य सरळ, दुसरं डुलणारं, स्नेअर किंचित लवकर, अशी रचना तो करायचा. २००६ मध्ये, ३२ व्या वर्षी तो गेला. त्याचं ते मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या ठोक्यांना कोणी चूक म्हणत नाही. ती त्याची सही आहे.

एआय वेगळं काय करतं?

गुगलच्या मॅजेन्टा टीमने २०१९ मध्ये ‘ग्रूव्ही’ नावाचं मॉडेल आणलं. त्याची शिकवण्याची पद्धत हुशार आहे. आधी ड्रमरकडून इलेक्ट्रॉनिक ड्रम किटवर वाजवून घेतलं. मग त्या वाजवण्यातली वेळेची सरकासरक आणि जोराचा फरक पुसून टाकला, फक्त कोरडा ग्रिड उरला. मॉडेलला काम दिलं : हा कोरडा ग्रिड घे आणि मूळ माणसाने कसं वाजवलं असेल ते परत भर. हजारो वेळा हे केल्यावर ते तुमच्या कोरड्या बीटमध्येही ‘जीव’ भरू शकतं. प्रत्येक ठोका वाजला का, किती जोरात आणि खान्यापासून किती सरकून, एवढ्या तीन गोष्टी ते ठरवतं. म्हणजे फासा टाकत नाही, आजूबाजूचे ठोके बघून ठरवतं. रँडम बटणापेक्षा हे खूपच पुढचं आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. हा सगळा डेटा १३.६ तासांचा आहे आणि तो १० ड्रमरने वाजवलेला आहे. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग पाच व्यावसायिक ड्रमरचा. शैली रॉक, फंक, जॅझ, लॅटिन, हिपहॉप अशा. डेटा खुल्या परवान्याखाली आहे आणि तो कसा बनला हेही उघड आहे, म्हणून तर आपण हे बोलू शकतो. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अनेक टूल्सबद्दल एवढीही माहिती मिळत नाही.

म्हणजे ‘माणसासारखं’ याचा इथे अर्थ : दहा जणांसारखं, आणि तेही ड्रम किटवर बसलेल्या.

राजूरच्या खंजेरीवर करून पाहिलं

वणीजवळचं राजूर हे आमचं कोळसा खाणींचं गाव. माझा चुलतभाऊ तिथे मोबाईलवरच बीट बनवतो. विदर्भातल्या पोरांना आता आपल्या बोलीत रॅप करायला लाज वाटत नाही. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरसारखे रॅपर टीव्हीपर्यंत पोचल्यावर तर नाहीच. शब्द आपले झालेत, आता प्रश्न तालाचा आहे.

आमच्या भागात कानावर पडणारा ताल म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजेरी भजनं आणि मिरवणुकीतला संदल. सत्यपाल महाराज तर एकटेच सात खंजेऱ्या वाजवून कीर्तन करतात. भावाने भजनातला एक ठेका आठ बारमध्ये बसवला. तो आम्ही तीन प्रकारे ऐकला : सरळ ग्रिडवर, मॅजेन्टाच्या मोफत टूलमधून (हे कॉम्प्युटरवर चालतं, मोबाईलवर नाही), आणि भावाने स्क्रीनवर बोटांनी वाजवून.

मॅजेन्टाचं आउटपुट वाईट नव्हतं. उलट हाय-हॅट आणि किक छान सैल झाले. पण त्या मॉडेलमध्ये किटच्या नऊच वाद्यांना जागा आहे, खंजेरी त्यात नाहीच. तिची थाप आम्हाला टॉमच्या जागी बसवावी लागली. मग टूलने तिला टॉमसारखंच वागवलं : जिथे भजनात थाप पुढे रेटून येते, तिथे ती मऊ आणि मागे ओढलेली आली. ऐकायला गुळगुळीत, पण ओळखीचं नाही. बोटांनी वाजवलेलं जास्त ओबडधोबड होतं, तरी ठेका कुठला आहे ते पहिल्या दोन बारमध्ये कळत होतं.

यात टूलचा दोष नाही. त्याने जे ऐकलं तेच ते परत देतं. धोका वेगळा आहे. राजूर, नाशिक आणि साओ पावलोची पोरं जर एकच बटण दाबत राहिली, तर सगळ्यांच्या बीट एकाच दहा जणांसारख्या डुलतील. कोणाला काही बिघडलंय असं वाटणारही नाही.

हक्क आणि पैसा

कायद्याच्या बाजूने सध्या थोडा दिलासा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं की फक्त प्रॉम्प्ट देऊन एआयने बनवलेल्या गोष्टीला संरक्षण नाही, पण माणसाच्या निर्मितीत एआय मदतनीस असेल तर माणसाचा हक्क जात नाही. तुम्ही बसवलेले ड्रम टूलने हलवले, तर तुम्ही बहुधा दुसऱ्या बाजूला आहात.

भारतात डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाच्या समितीने एक प्रस्ताव मांडला : एआय कंपन्यांनी शिकवण्यासाठी साहित्य वापरावं, पण त्यासाठी रॉयल्टी भरावी, आणि ती एका मध्यवर्ती संस्थेमार्फत निर्मात्यांना वाटली जावी. कल्पना चांगली आहे. पण वाटप नोंदणी केलेल्या कामांपुरतं असेल तर भजनी मंडळातल्या खंजेरीवाल्याचं काय? त्याचं काम कुठेच नोंदलेलं नाही. आणि मुळात नुसत्या ठेक्यावर कोणाचा मालकी हक्क नसतो, हक्क असतो तो रेकॉर्डिंगवर. रेकॉर्डिंग नाही तर डेटात जागा नाही आणि हिशोबातही नाही.

मग बटण दाबायचं की नाही?

दाबा, पण शेवटी. आधी किक आणि स्नेअर ग्रिड-दुरुस्ती बंद करून बोटांनी वाजवा. मोबाईलचा टच थोडा उशिरा लागतो, म्हणून नंतर सगळा ट्रॅक एकत्र मागे-पुढे करून जुळवा, सुटे ठोके ओढू नका. हाय-हॅटला ५४ ते ५८ टक्के स्विंग देऊन बघा. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात, तो सगळीकडे १०० ठेवू नका. एआय टूल वापरलंच तर ते हाय-हॅटसारख्या भरावाच्या भागावर वापरा आणि मुख्य ठेका हाताचाच ठेवा. गाणं टाकताना विचारलं तर वाद्यांत एआयची मदत घेतल्याचं सरळ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि गावात पुढच्या वेळी भजन असेल तेव्हा परवानगी घेऊन खंजेरी क्लिकसोबत दहा मिनिटं रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याचं नाव आणि तारीख फाईलवर लिहा. मॅजेन्टाचा डेटासुद्धा चौदा तासांपेक्षा कमी आहे. एवढं रेकॉर्डिंग एका तालुक्यातली मंडळं मिळून एका वर्षात सहज करू शकतात.