जोगवा की नटरंग?

२०१६ सालातला सर्वोत्तम मराठी अल्बम कोणता, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ‘सैराट’ने तो प्रश्न त्याच उन्हाळ्यात मिटवला. वरातीपासून बारशापर्यंत दुसरं काही वाजतच नव्हतं. वाद घालावा तर २००९-१०च्या हिवाळ्यावर. त्या एका हिवाळ्यात एकाच जोडीचे, अजय-अतुलचे, दोन अल्बम गावोगाव फिरले. त्यातला मोठा कोणता, यावर आमच्या भंडारा जिल्ह्यात पानठेल्यावर विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. मी ‘जोगवा’च्या बाजूचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ‘नटरंग’बद्दलही मी भरभरून बोलणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

पण आधी सालाचा घोळ निस्तरायला हवा. ‘जोगवा’ चित्रपटगृहांत लागला २५ सप्टेंबर २००९ ला, पण राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत तो २००८ सालचा चित्रपट, कारण तिथे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची तारीख धरतात. ‘नटरंग’ पडद्यावर आला १ जानेवारी २०१० ला, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो २००९ सालचा. म्हणजे सरकारी हिशेब धरा की तिकीटबारीचा, या दोघांचं साल कधी एक होतच नाही. कागदावर बोलायचं तर आमचा वादच रद्द.

ऐकणाऱ्याचं साल मात्र जानेवारीत सुरू होत नाही, आणि आमच्या झाडीपट्टीत तर नाहीच नाही. आमचं गाण्याबजावण्याचं साल दिवाळीला उघडतं. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया लागतात. एकीकडे धानाची कापणी चाललेली, दुसरीकडे पाहुण्यांनी घरं भरलेली, दिवसा खडी गंमत नाहीतर दंडार अशी लोकनाट्यं, रात्री नाटक. मग वैनगंगेपलीकडे वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम, मग महाशिवरात्रीची गायमुखची यात्रा, आणि शेवटी उन्हाळ्यातली लग्नं. २००९ ची दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली, तेव्हा ‘जोगवा’ला लागून तीन आठवडे झाले होते. नाटकांचा हंगाम भरात असताना ‘नटरंग’ आला. त्याच जानेवारीत दिल्लीहून ‘जोगवा’चे पुरस्कार जाहीर झाले. तुमसर, साकोली, पवनीच्या बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, त्यात दोन्हीकडची गाणी शेजारी शेजारी पडलेली असायची. आमच्या हिशेबाने हे एकच साल.

‘नटरंग’ने इथे जे केलं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला नुसतं ऐकून कळायचं नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव यांचा हा पहिला चित्रपट. कागलचा गुणा, पहिलवानी अंगाचा गडी, तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि घरादारात, गावात, स्वतःच्या बापासमोर त्याची किंमत मोजतो. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशात बाई नाचते, म्हणून तिकडच्या प्रेक्षकाला नाच्याची ही गोष्ट जरा बाजूची वाटली असेल. आमच्या खडी गंमतीत पुरुषच लुगडं नेसून उभा राहतो. मंडईच्या दिवशी भर उन्हात, मंचाशिवाय, चारही बाजूंनी माणसं उभी असताना तो नाचतो. पायात घुंगरू, गळ्यात खोटे दागिने, ओठांवर लाली, आणि हात पुढे केला की दिसतात विळ्याने धान कापून रापलेली, चिरा पडलेली बोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा बांधीत असतो. मिशी काढलेला चेहरा बघून पोरं हसतात, तो मान वर न करता कापत राहतो. गुणा कागलकर आमच्यासाठी पडद्यावरचं पात्र नव्हता. तो शेजारच्या गावचा माणूस होता.

म्हणून २०१० च्या दिवाळीनंतरच्या मंडयांत ‘नटरंग’ची चाल ज्या हक्काने वाजली, तो हक्क मला कळतो. गुरू ठाकूर यांचे शब्द, बेला शेंडेच्या लावण्या, गवळण, आणि ‘खेळ मांडला’मधला अजय गोगावलेचा तो फाटायच्या बेतात आलेला तरी न फाटणारा आवाज. या अल्बममध्ये टाकाऊ काही नाही. लावणीला लावणीची ऐट दिली आहे, गवळणीला गवळणीचा खट्याळपणा. त्या आधी कितीतरी वर्षं मराठी पडद्यावर लावणी उरकली जायची. इथे ती पुन्हा मानाने उभी राहिली. खडी गंमतीच्या एका जुन्या ढोलकीवाल्या भाऊंशी माझा हा वाद दर मंडईला होतो. ते म्हणतात, “नटरंग आमाले आमच्या हातानं वाजवता येते जी. जोगवा निस्ता आयकाचा.” हा मुद्दा साधा नाही. त्याच्याकडे परत येतो.

हिंदीवाल्यांचं म्हणणं थोडक्यात आटोपतो. त्याच २००९ मध्ये फेब्रुवारीत ‘देव डी’ आणि ‘दिल्ली-६’ आले. अमित त्रिवेदीने ‘देव डी’त १८ गाणी रचली आणि २००९ सालचा संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार नेला. ‘नटरंग’च्या बाजूचे लोक त्यावर अजून खट्टू आहेत. रहमानच्या ‘दिल्ली-६’मधलं सगळ्यात गाजलेलं ‘गेंदा फूल’ मुळात छत्तीसगडी लोकगीत. साकोलीहून देवरी ओलांडली की छत्तीसगड लागतो, त्यामुळे ती चाल आमच्याकडच्या बायकांना परकी नव्हती. दोन्ही अल्बम मोठेच आहेत, पण त्यांच्यावरून आमच्याकडे कोणी आवाज चढवून भांडल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्या गाण्यांवरून माणसं भांडत नाहीत, त्यांचा निकाल दुसऱ्यांनी लावावा.

आता ‘जोगवा’. राजीव पाटील यांचा चित्रपट, आधार राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेचा. एक गोष्ट त्या हिवाळ्यात फारशी कोणी बोललं नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही चित्रपटांत नायक लुगडं नेसतो. गुणा कलेसाठी, स्वतःच्या मर्जीने. ‘जोगवा’तला तायप्पा देवीच्या नावाने, गावाच्या जबरदस्तीने. अजय-अतुल यांच्यापुढे लागोपाठ दोन वेळा जवळपास एकच चित्र आलं आणि दोन्ही वेळा त्यांना वेगळं गाणं करावं लागलं.

‘नटरंग’मधल्या बहुतेक गाण्यांसमोर गोष्टीतच प्रेक्षक बसलेला आहे. फड लागलाय, शिट्ट्या वाजतायत, गाणं रंगलं पाहिजे. लावणी, गवळण, मुजरा यांची चौकट शेकडो वर्षांच्या वापराने घोटलेली आहे. त्या चौकटीत उत्तम काम करणं अवघडच, पण चौकट तरी हाताशी आहे. ‘जोगवा’च्या माणसांसमोर कोणी बसलेलं नाही. असलीच तर देवी, आणि ती काही बोलत नाही. तायप्पा आणि सुली एकमेकांवर जीव लावतात, तेव्हा त्या प्रेमाला गावात नाव नाही, धर्मात जागा नाही. देवीला सोडलेला पुरुष आणि देवीला सोडलेली बाई यांच्या प्रेमगीताची चाल परंपरेत कुठून मिळणार? ती नव्याने करावी लागली. यल्लमा देवीच्या भक्तिगीतांचा ठेका आणि तंतुवाद्यांचा मोठा ताफा एकत्र आणून अजय-अतुलने ती केली. ‘जीव रंगला’ गायला हरिहरन आणि श्रेया घोषाल, एक मुंबईत वाढलेला तमिळ गायक, एक राजस्थानात वाढलेली बंगाली गायिका. दोघांनाही त्या एकाच गाण्यासाठी गायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, श्रेयाचा एका बंगाली गाण्यासोबत. वर संगीताचा अजय-अतुलला आणि अभिनयाचा उपेंद्र लिमयेला. मी पुरस्कारांवर कौल देत नाही, पण एकाच गाण्यात दोन आवाजांनी एकमेकांना इतकं जपून धरलेलं मराठीत फार थोड्या वेळा ऐकलंय.

सौंदत्तीची यल्लमा आमच्या भागातली देवी नाही. जोगते, जोगतिणी, परडी हे कोल्हापूर-सांगलीकडचं आणि कर्नाटकाच्या सीमेवरचं जग. भंडाऱ्याच्या माणसाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी ‘जोगवा’ इथे रुजला. माझ्या मते त्याचं कारण महादेवाच्या गाण्यांत आहे. गायमुखला, नाहीतर थेट पचमढीला निघालेले लोक वाटेने जी गाणी म्हणतात, त्यांत देवाला लांबून मारलेली हाक असते. शब्द थोडेच, स्वर ओढून धरलेला, चढाला दम लागला तरी न सोडलेला. ‘मन रानात गेलं गं’मध्ये श्रेयाचा स्वर तसाच लांबत जातो. ऐकणाऱ्याला देवी माहीत नसली तरी हाक माहीत होती. ‘नटरंग’ने आम्हाला आमचंच आमच्या हाती परत दिलं आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. ‘जोगवा’ने दुसऱ्याचं दुःख इतकं जवळ आणलं की ते परकं राहिलं नाही. यातलं दुसरं काम मला अधिक कठीण वाटतं, आणि वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवताना मी त्यालाच जास्त वजन देतो.

शिवाय ‘जोगवा’ सलग ऐकला तर एकच सुळका चढल्यासारखा ऐकू येतो. ‘नटरंग’मधलं कुठलंही गाणं सुटं काढा, त्याचं काही बिघडत नाही, मेमरी कार्डावर ते म्हणून तर जास्त चाललं. ‘जोगवा’तलं ‘लल्लाटी भंडार’ एकटं ऐकलं तर जत्रेचं जोशपूर्ण गाणं वाटतं. बाकीच्या गाण्यांसोबत ऐकलं की त्या जोशाखाली दबलेली माणसं दिसायला लागतात. अल्बम म्हणून विचार करायचा असेल तर हे मोजायला हवं.

राहिला ढोलकीवाल्या भाऊंचा मुद्दा. जे आपल्याला वाजवता येत नाही ते आपलं कसं? लग्नाच्या बँडवाल्यांनी ‘जीव रंगला’ केव्हाच उचललं हे मी त्यांना सांगून पाहिलं. “बँडवाले सप्पाच उचलतेत जी,” म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. खडी गंमतीत ‘जोगवा’ची चाल आलेली मीही ऐकलेली नाही, हे मला मान्य आहे. गेल्या मंडईला आमच्यात एवढं ठरलं की पुढच्या दिवाळीत त्यांचा फड जिथे सामन्याला उभा राहील, तिथे ‘जोगवा’तलं एक गाणं ते ढोलकीवर बसवून पाहतील. त्यांची अट एकच, गाणं तेच निवडणार. मी अट मान्य केली आहे.