संयंत्र बसले, आता ते चालते ठेवायचे

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, मोठमोठ्या शहरांतली रुग्णालये ऑक्सिजनच्या टँकरकडे डोळे लावून बसली होती. आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये मात्र हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी पीएसए संयंत्रे सुरू होती. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिले संयंत्र 2020 मध्येच, पहिल्या लाटेच्या वर्षात, उभारून घेतले होते. तंत्र जुनेच, ते वेळेआधी दारात आले, एवढ्याने जिल्हा सावरला.

त्याच एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या चमूने नायट्रोजनच्या संयंत्रातून प्राणवायू काढून दाखवला. कार्बनच्या आण्विक चाळणीऐवजी झिओलाइट भरले आणि 93 ते 96 टक्के शुद्धता मिळाली. यंत्र आतून ठाऊक असल्याखेरीज असा बदल सुचत नाही.

दुसरी बाजू विसरता येणार नाही. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, नळ्यांमधला दाब घसरला आणि किमान 22 रुग्ण दगावले. प्राणवायू आवारात होता. खाटेपर्यंत पोहोचला नाही.

पुढे पीएम केअर्समधून देशभरात 1,200 हून अधिक पीएसए संयंत्रे मंजूर झाली. त्यांची खरी परीक्षा शांततेच्या काळात आहे. झिओलाइट नायट्रोजनपेक्षा ओलावा कितीतरी घट्ट धरून ठेवते. ड्रायर बिघडला किंवा फिल्टर बदलायचा राहिला, की ओलसर, तेलकट हवा चाळणीपर्यंत जाते. कॉम्प्रेसर धडधडत राहतो, शुद्धता मात्र उतरत जाते, आणि नोंदवही कोरी असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच जैववैद्यकीय अभियंते आणि देखभाल विभागांनी काही गोष्टी आजच हाती घ्याव्यात. संयंत्र ठरावीक दिवशी भारावर चालवावे आणि शुद्धता नोंदवावी. वीज तोडून जनरेटर तपासावा. सिलिंडरच्या मॅनिफोल्डवर पुरवठा वळवण्याची रंगीत तालीम रात्रपाळीतही घ्यावी. कोणता व्हॉल्व्ह कुठला वॉर्ड बंद करतो, हे प्रत्येक पाळीतल्या दोघांना तरी माहीत हवे.

यासाठी पैसा लागतो, आणि तो खरेदीच्या वेळीच मागावा लागतो. देखभालीचा करार, सुट्या भागांचा साठा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण निविदेतच लिहून घेण्याचा आग्रह तांत्रिक छाननी करणाऱ्या अभियंत्याने धरावा, आणि या अटी नसलेल्या प्रस्तावावर सही करू नये.