जुनी मूठ, नवे केस

दाढीचा ब्रश झिजतो तो केसांत, मुठीत नव्हे. बॅजरचे, डुकराचे वा घोड्याचे केस बुडाशी तुटून गळू लागतात, परंतु लाकडाची, हाडाची वा बेकलाइटची मूठ मालकाच्या हयातीनंतरही शाबूत राहते. तरीही केस गळाले की सबंध ब्रश फेकून द्यावयाचा, हाच व्यवहार स्वाभाविक मानला गेला आहे.

इंग्लंड-अमेरिकेतील काही हौशी मंडळी हा व्यवहार नाकारतात. जुना झुबका मुठीच्या तोंडाशी कापावयाचा, आत उरलेले केस व डिंक ड्रिलने कोरून काढावयाचे, खोबण साफ करावयाची आणि तिच्या मापाचा नवा झुबका चिकटवावयाचा, एवढेच हे काम. झुबका किती खोल बसवला यावर केसांचा ताठपणा ठरतो. शहाणा कारागीर पुढे पुन्हा काढता येईल असेच चिकटद्रव्य वापरतो.

‘वापरा आणि फेका’ या पद्धतीचा इतिहासही दाढीच्या साहित्याशीच निगडित आहे. फेकून देण्याच्या पात्याचा जनक किंग कॅम्प जिलेट याने 1894 साली ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ हे पुस्तक लिहून, स्पर्धा नष्ट करून सर्व उत्पादन जनतेच्या मालकीच्या एकाच संस्थेकडे सोपविण्याचा पुरस्कार केला होता. त्याच गृहस्थाला 1904 साली पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. स्वप्न समाजवादाचे आणि धंदा पुनःपुन्हा विकत घ्यावयास लावण्याचा! दोष एका व्यक्तीचा नव्हे. बाजाराच्या तर्कापुढे सद्हेतू किती दुबळा ठरतो, याचा हा दाखला आहे.

परंतु केस बदलले की प्रश्न सुटला, असेही नाही. केस येतात कोठून? पहिल्या महायुद्धात व्यापाराचे जुने मार्ग तुटले, बॅजरचे केस दुर्मिळ झाले आणि आशियातून आलेल्या घोड्याच्या केसांचे ‘नकली बॅजर’ ब्रश बाजारात आले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या केसांतून ब्रिटिश व अमेरिकी सैनिकांना आणि नागरिकांना काळपुळी झाली. रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली, कित्येक दगावले. हे ब्रश जुने नव्हते, कोरे करकरीत होते. ब्रॅडफर्डचे लोकर निवडणारे कामगार तर याच रोगाने 19व्या शतकापासून मरत होते. अखेर 1919 साली ब्रिटनने कायदा केला आणि लिव्हरपूल येथे लोकर व केस निर्जंतुक करण्याचे शासकीय केंद्र उभारले. एकेका ग्राहकाच्या सावधगिरीने जे साधणे शक्य नव्हते, ते सार्वजनिक व्यवस्थेने साधले.

आजही बॅजरच्या केसांचे तयार झुबके मुख्यतः चीनमधून येतात. ते निवडणाऱ्या, बांधणाऱ्या हातांची चौकशी हौशी मंडळी क्वचितच करतात. आपल्याकडील स्थिती याच्या उलट दिसते, पण मूळ एकच आहे. महाराष्ट्रात कल्हईवाला, छत्री दुरुस्त करणारा, चांभार यांनी पिढ्यान्‌पिढ्या वस्तूंचे आयुष्य वाढविले, ते बव्हंशी त्यांचे श्रम स्वस्त होते म्हणून. त्या काटकसरीचे गोडवे गाणाऱ्यांनी ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन साधली, हेही सांगावयास हवे. श्रमाला दाम मिळू लागताच दुरुस्ती महाग आणि नवी वस्तू स्वस्त ठरते. कारण नव्या वस्तूच्या किमतीत कचऱ्याचा आणि दूरच्या कामगाराच्या आरोग्याचा खर्च धरलेलाच नसतो.

2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्यासमोर मोटारी, मोबाइल, शेतीची अवजारे हे विषय होते. चळवळीने या मागणीचा पाठपुरावा करावा, मात्र ती ग्राहकाच्या सोयीपुरती ठेवू नये. सुटे भाग आणि ठराविक मापे हा तिचा एक भाग. दुरुस्ती करणाऱ्याला पुरेसा मोबदला आणि कच्चा माल हाताळणाऱ्याला सुरक्षितता हा दुसरा. दुसरा भाग वगळला, तर मूठ तेवढी वाचेल. ती घडविणारे आणि भरणारे हात झिजतच राहतील.