धूर खरा, युद्ध खोटे

अमरावती किंवा अकोल्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय वसाहतीत सायंकाळी एखाद्या घरात डोकावावे. दहावी-बारावीतील मुलगा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर डोळे खिळवून बसलेला दिसतो. एम-४१६ आणि एडब्ल्यूएम या बंदुकांत फरक काय, कोणत्या बंदुकीचा धक्का अधिक, कोणती गोळी शिरस्त्राण भेदते, हे सारे त्याला मुखोद्गत असते. त्यालाच अडगाव कोठे आहे, असे विचारून पाहावे. ज्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडाचे भवितव्य ठरले, ते अकोला जिल्ह्याच्याच तेल्हारा तालुक्यात आहे, हे त्या मुलाला ठाऊक नसते. बहुधा त्याच्या वडिलांनाही नसते.

या खेळांविषयी समाजात दोन मते ऐकू येतात. पुरोगामी म्हणविणाऱ्या स्तंभलेखकांच्या मते युद्धखेळ मुळातच हिंसक, म्हणून त्याज्य. शत्रू, सीमा, शस्त्र हे शब्दच ज्यांना टोचतात, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. परंतु दुसरे मत आपल्याच घरांतून व्यक्त होते, आणि म्हणून ते अधिक गांभीर्याने तपासले पाहिजे. खेळ खेळायचेच असतील तर ते हुबेहूब असावेत, गणवेश आपल्या सैन्याचा असावा, पडद्यावर तिरंगा असावा. मग मुलाला युद्धाचे वास्तव कळेल आणि राष्ट्रभक्तीचा संस्कारही होईल, असे हे मत सांगते. ही दोन्ही मते एकाच ठिकाणी चुकतात. दोघांनाही केवळ चित्र दिसते. चित्रातून काय गाळले आहे, याकडे कोणाचेच लक्ष नाही.

उदाहरण फार दूरचे नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली. त्यानंतर दोनच दिवसांनी 'फौजी' या स्वदेशी खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी, प्रजासत्ताकदिनी, तो उपलब्ध झाला. विषय होता गलवान. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा 'भारत के वीर' निधीस देण्याचे घोषित झाले होते. हेतू उत्तमच होता, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या खेळाने मुलांना गलवानविषयी काय शिकविले? बर्फाळ डोंगर, भारतीय गणवेश, हातघाईची लढाई, आणि एकामागून एक कोसळणारे शत्रू. १५ जून २०२० च्या रात्री तेथे बंदुका का चालल्या नाहीत? प्रत्यक्ष ताबारेषेजवळ शस्त्र न चालविण्याचा १९९६ चा करार कोणता? दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा रस्ता चीनला का खुपत होता? चौदा हजार फुटांवरील विरळ हवेत आणि गोठविणाऱ्या नदीपात्रात माणसाचे हातपाय किती वेळ साथ देतात? कर्नल संतोषबाबू आणि त्यांचे एकोणीस सहकारी ज्या परिस्थितीत हुतात्मा झाले, ती परिस्थितीच खेळात नव्हती. होता तो तिचा देखावा. आणि देखाव्याचीच स्पर्धा असेल तर परदेशी कंपन्या सरस ठरणारच. पब्जीचाच भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला आणि मुले तिकडे परतली.

हुबेहूबपणाच्या या मोहाचे आणखीही एक फळ आहे. 'आर्मा-३' हा २०१३ चा चेक कंपनीचा खेळ रणगाडे, विमाने आणि स्फोट यांच्या खरेपणासाठी नावाजला जातो. तो इतका खरा दिसतो की सप्टेंबर २०२१ मध्ये त्यातील दृश्ये पंजशीरवरील पाकिस्तानी हवाई हल्ला म्हणून आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी दाखविली. आमच्या खेळातील दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून फिरवू नका, असे निवेदन २०२२ मध्ये त्या कंपनीलाच काढावे लागले. मे २०२५ मधील सिंदूर मोहिमेच्या दिवसांतही संगणकीय खेळांतील दृश्ये खरी म्हणून समाजमाध्यमांवर सर्रास फिरत होती. युद्धाचे 'वास्तव' शिकलेल्या पिढीला खोटे युद्ध ओळखता येऊ नये, याला काय म्हणावे? धूर ओळखण्यात तरबेज झालेला डोळा धुरामागे काय आहे, हे विचारण्याचे विसरतो.

आता अडगावकडे वळावे. वास्तव म्हणजे नेमके काय, याचा निवाडा त्या मैदानावर करता येतो.

नागपूरकर रघूजी भोसले यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली भोसल्यांचे पायदळ, तोफा आणि घोडदळ उभे होते. उजव्या बगलेला दौलतराव शिंद्यांचे प्रचंड घोडदळ होते. समोर आर्थर वेलस्ली. नोव्हेंबरअखेरचे दिवस, वऱ्हाडात ज्वारी शेतात उभी असण्याचा काळ. इंग्रजी फौज दिवसभर उन्हात चालून आली होती आणि लढाईला तोंड लागले तेव्हा तिसरा प्रहर सरत आला होता. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी असईच्या रणावर, याहून कितीतरी भयंकर तोफमाऱ्यात, ज्या पाय रोवून उभ्या राहिल्या होत्या, त्याच या पलटणी. वेलस्ली जवळच होता. त्याने स्वतः त्यांना सावरून पुन्हा रांगेत आणले. आपण तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, अशी कबुली त्यानेच नंतर दिली आहे.

हा प्रसंग एखाद्या हुबेहूब खेळात कसा दिसेल? लाल डगल्यांच्या गुंड्या मोजता येतील, तोफेचा धूर वाऱ्याच्या दिशेने वाहील, बैल उधळतील. परंतु असईला न डगमगलेला शिपाई अडगावला का पळाला, याचे उत्तर त्या धुरात सापडणार नाही. दिवसभराची चाल, थकवा, अनपेक्षितपणे सुरू झालेला मारा आणि सेनापती हाकेच्या अंतरावर असणे वा नसणे, या गोष्टींना चेहरा नसतो. त्या चितारता येत नाहीत, नियमात मात्र बसविता येतात. जी पलटण तीन कोस चालून आली तिचा एक गुण वजा, सेनापती दोन घरांच्या आत असेल तर फुटलेली पलटण पुन्हा उभी करण्याची एक संधी. कागदावरचा असा रुक्ष नियम लाखो रंगांच्या चित्रापेक्षा अडगावचे अधिक खरे दर्शन घडवितो.

आणि मराठ्यांच्या उजव्या बगलेचे काय? येथे तर हुबेहूबपणाची बोलतीच बंद होते. त्याच आठवड्यात शिंद्यांच्या वकिलांनी वेलस्लीशी युद्धतहकुबीचा करार केला होता. त्यात भोसले नव्हते. कराराच्या अटी शिंद्यांकडून पाळल्या गेल्या नव्हत्या आणि त्यांचे घोडदळ भोसल्यांच्या शेजारी रणात उभे होते. होळकर तर या सबंध युद्धापासून अलिप्तच राहिले. त्यांची तलवार बाहेर पडली ती १८०४ मध्ये, शिंदे-भोसले नमल्यानंतर. रणात मध्यभागी असलेल्या भोसल्यांच्या पायदळाला उजवीकडे पाहताना काय वाटले असेल? शेजारचा दौडेल की थांबेल? शिंद्यांच्या घोडदळाने एक हल्ला चढविला, तो परतविला गेला, आणि त्यानंतर मराठ्यांची फळी फुटली. ३८ तोफा शत्रूच्या हाती लागल्या. चांदण्यात पाठलाग चालला. इंग्रजांची हानी मृत व जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास होती.

आपली तोफ कमी पडली नव्हती. तिने तीन पलटणी पळविल्या होत्या. कमी पडला तो शेजाऱ्याचा विश्वास. आजच्या खेळांत मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ च्या ब्रिटिश खेळात मराठे ही एक स्वतंत्र सत्ता आहे. एका खेळाडूच्या हाती एक सत्ता, एकच खजिना, आणि सारी फौज त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर! १८०३ मध्ये ज्या गोष्टीचा अभाव होता तीच येथे गृहीत धरलेली आहे. मुलगा जिंकतो आणि आपले पूर्वज तेवढे नालायक होते, असा निष्कर्ष नकळत काढून मोकळा होतो.

अडगावनंतर भोसल्यांचे उरलेले पायदळ गाविलगडात शिरले. चिखलदऱ्याला सहलीस जाणारी कुटुंबे आज तेथे छायाचित्रे काढून परततात. किल्लेदार बेनीसिंग आत लढण्यास सिद्ध होता. उत्तरेकडून स्टीव्हन्सनने ७ ते १२ डिसेंबर असे जवळजवळ सहा दिवस मेळघाटाच्या डोंगरांतून, वाट स्वतःच खोदत, जड तोफा माणसांच्या हातांनी ओढत आणल्या. १३ तारखेस मारा सुरू झाला, १५ तारखेस खिंडारातून बाहेरचा किल्ला पडला आणि कॅम्पबेल नावाच्या कप्तानाने शिड्या लावून आतल्या किल्ल्याची भिंत चढून दार उघडले. बेनीसिंग लढता लढता पडला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने १९९९ मध्ये याच वेढ्यावर कादंबरी लिहिली आणि भिंत चढण्याचा पराक्रम शार्प या कल्पित नायकाच्या नावे जमा केला. पडद्यावरच्या खेळालाही तो शेवटचा अर्धा तासच हवा असतो. गाविलगड मात्र त्या अर्ध्या तासात पडला नाही. तो पडला रस्ता खोदण्याच्या सहा दिवसांत, आणि त्या सहा दिवसांत डोंगरात त्या तोफा अडविण्यासाठी कोणी उतरले नाही तेव्हा. सहा दिवस रस्ता खोदण्याचा खेळ कोण विकत घेणार?

शिवाय हा किल्ला जिंकून कंपनीने ठेवलाही नाही. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक कंपनीकडे गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश कंपनीच्या दोस्ताकडे, म्हणजे निजामाकडे गेला, आणि गाविलगड व नरनाळा भोसल्यांकडेच राहिले. वऱ्हाड निजामाचे झाले ते या कलमाने. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी झाला. ते गावही अमरावती जिल्ह्यातीलच. पडद्यावर 'विजय' ही अक्षरे झळकल्यानंतर जे घडते त्याने पिढ्यांचे नशीब ठरते, आणि खेळ नेमका तेथेच संपतो.

अमूर्ताला मुले कंटाळतात, असा आक्षेप घेतला जाईल. ज्या भूमीने चतुरंग जगाला दिला तेथे तरी हा आक्षेप शोभत नाही. चौसष्ट घरांत ना रक्त ना धूर, तरी दीड हजार वर्षे तो खेळ टिकला. प्रशियाच्या राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने युद्धखेळ मांडला आणि प्रशियाच्या सैन्याने तो आपलासा केला. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद बुडवीत होत्या, तेव्हा लिव्हरपूलमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स या आरमारी अधिकाऱ्याने जमिनीवर खडूने समुद्र आखला. पडद्याआड उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला छोट्याशा फटीतून, खऱ्या जहाजावरून जेवढे दिसेल तेवढेच दिसे. तेथे काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्या खडूच्या रेघांतून निघालेले डावपेच प्रत्यक्ष समुद्रावर उपयोगी पडले. न दिसणे हेच तेथले वास्तव होते.

याहून जवळचे उदाहरण आपल्या मातीत आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगापुढे सादर केली. शाखेवरचा प्रत्येक बालस्वयंसेवक ती खेळतो. शत्रूच्या हद्दीत एकट्याने शिरायचे, एका श्वासात, आणि दम संपण्यापूर्वी आपल्या रेषेला परत शिवायचे. तलवार नाही, घोडा नाही, रक्त नाही. छाप्याचे सारे सार मात्र आहे. मेलेला गडी उठतो तो सोबत्याने गडी मारल्यावर. आणि दम खरा असतो, तो विकत मिळत नाही. भ्रमणध्वनीवरच्या हुबेहूब युद्धात मुलाचे काय खर्ची पडते? फार तर विजेरी.

प्रत्यक्ष सैन्ये हुबेहूब संगणकीय प्रणाली प्रशिक्षणासाठी वापरतात, हे खरे आहे. पण तेथे शिकणाऱ्याने आधी पाठीवर ओझे वाहिलेले असते, समोर शिक्षक उभा असतो आणि सरावानंतर प्रत्येक चुकीचा हिशेब द्यावा लागतो. अकोल्याच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नाही.

अमरावती आणि अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो विद्यार्थी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करतात. अमरावतीचे शासकीय महाविद्यालय १९६४ पासूनचे आहे. त्यांपैकी चार विद्यार्थ्यांनी अडगावचे मैदान एकदा पायी फिरून पाहावे आणि षट्कोनी घरांच्या नकाशावर तो खेळ मांडावा. संगणकावर मांडला तरी हरकत नाही, चित्रे साधी ठेवावीत. भोसल्यांची बाजू दोन खेळाडूंनी खेळावी, एकाकडे पायदळ आणि तोफा, दुसऱ्याकडे शिंद्यांचे घोडदळ. दुसऱ्याच्या हातात आरंभीच एक बंद चिठ्ठी असावी, वेलस्लीशी ठरलेल्या तहकुबीची. ती पहिल्याला दाखवायची की नाही, हे त्याने ठरवावे.